हाक्याचा पहिला चहा

मुबश्शिर माह्या खुर्चीच्या मांगं उभा होता, अन् त्याचा श्वास माह्या मानेले लागत होता. हे पहिलेच सांगून ठेवते, काहून की त्या दिवशी माहं निम्मं डोकसं फोनमंधात होतं अन् निम्मं त्याच्या श्वासात. त्याच्या हातात त्याचा फोन, पूर्ण चार्ज करेल. मी उठली की तो बसणार. एवढंच त्याचं काम होतं, अन् तो ते मन लावून करून राह्यला होता.

"जरा मांगं सरक ना बाबू," मी म्हटलं. "मी काही आताच मरून नाही राह्यली."

"सॉरी मंजूताई," म्हणे, अन् अर्धं पाऊल सरकला. पोट्टा गुणाचा, त्याचीच तं पंचायत होती. गुणाच्या माणसावर धड चिडताही येत नाही.

वाशीमचं एक मंगल कार्यालय होतं ते. ज्या स्टेजवर नवरा-नवरी बसतात तिथं मोठा पडदा लावेल, खाली टेबलं मांडेल, एकेका टेबलाले चार खुर्च्या, अन् जिल्हाभरातले पोट्टे-पोट्ट्या आपापले फोन घेऊन. फोनवरच्या बंदुकीच्या गेमची स्पर्धा होती. तीन मॅच खेळायच्या, तिन्हीचे मार्क मिळून जो वर, तो नागपूरले. अन् दोन मॅचच्या मंधात टीमले एक माणूस बदलता येत होता. हा नियम कोण्या शहाण्यानं केला असन, त्याले माहा दुरूनच नमस्कार.

आमी अनसिंगचे. आमचा कप्तान एजाज. बसस्टँडजवळ त्याचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, अन् त्याचं वावर अन् आमचं वावर एकाच धुऱ्याले, एकाच बांधाले लागेल, म्हणून लहानपणापासूनची ओळख अन् लहानपणापासूनचं भांडण. त्याची बहीण तहसीन कॉलेजात आहे. गेममंधात असं धावते की बंदुकीची गोळीच तिच्या मांगं राह्यते. तिसरा माहा चुलतभाऊ गणेश. चौथी मी. अन् पाचवा मुबश्शिर, एजाजचा मावसभाऊ. तो कुठं उभा होता ते सांगतलंच.

पहिली मॅच गेली ती माह्यामुळे गेली, खोटं कायले बोलू.

माही खेळायची रीत बसायची. हे मी गेममंधात नाही शिकली, वावरात शिकली. तुरीच्या दिवसांत बाबासंग रात्री वावर राखाले जागलीले जायची. माळ्यावर बसायचं, खोकला आला तं पदर तोंडात कोंबायचा, अन् रोही, म्हंजे नीलगाय, धुऱ्याच्या आत येईपर्यंत हलायचं नाही. तीच सवय मी फोनमंधात आणली. गेमचा जो मोठा प्रकार, त्या मोठ्या मोडमंधात शंभर लोक उतरतात, झोन, म्हंजे जिवंत राहायचा गोल, सावकाश लहान होते अन् त्याच्या बाहेर राह्यला तो जळते, अर्धा तास माणूस गवतात पडून राह्यला तरी कोणी विचारत नाही. डोळा स्नायपरच्या, त्या लांब बंदुकीच्या दुर्बिणीले, अन् एक गोळी, एक माणूस. शेवटच्या चारपाचात माहं नाव राह्यचंच. अनसिंगचे पोट्टे म्हणत, मंजूताईले झोन घेऊन जाते, माणूस नाही घेऊन जाऊ शकत.

अन् मले ते लय गोड वाटे, हेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मी सासरहून परत आली. काहून आली ते मी नाही सांगत. ज्याले ऐकायचं त्यानं अनसिंगमधल्या कोणत्याही ओट्यावर जाऊन बसावं, ते माह्यापेक्षा चांगलं सांगतीन. गावासाठी मी 'जानरावची परत आलेली पोरगी' झाली. बाबा मले काहीच बोलले नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. मंग मीच आपली घरात शेवटचा कप घ्याले लागली, सर्वाईले चहा देऊन उरला तं. फक्त त्या टीममंधात मी मंजूताई होती. तिथं तिघं माह्या आवाजाची वाट पाहत. ती खुर्ची गेली असती तं माह्याजवळ पुन्हा परत आलेलीच उरली असती, दुसरं काही नाही.

अन् नेमकं या स्पर्धेत मोठा मोड नव्हता. नवा मोड होता, पळापळीचा. नकाशा एवढुसा, उतरलं की शेजारी दुश्मन, अन् झोन अशी धावत येते की पाणी प्यायले फुरसत नाही. त्यात मेलेला माणूस परत येते. आपल्यातला एक जरी जिवंत असला तरी बाकीचे थोड्या वेळानं आभाळातून पुन्हा उतरतात. झोन लय लहान झाली की भोंगा वाजते, अन् त्याच्यानंतर मेला तो मेला.

मी पहिल्या मॅचमंधात गवतात पडली. सवय हो. दुर्बिणीत एकजण दिसत होता, भिंतीमांगं, टोपी तेवढी वर. म्या म्हटलं, अजून थोडा वर येऊ दे. तो वर आलाच नाही अन् मांगून झोन आली. मी जळून मेली. परत उतरली, परत पडली, परत जळाली. एजाज ओरडून राह्यला होता, "मंजू, ऊठ, धाव," अन् माहं अंग माळ्यावरून उतराले तयार नव्हतं.

दुसऱ्या मॅचले म्या ठरवलं, आता धावायचं. अन् धावली बापा. आमी चौघांनी रिसोडच्या टीमले एका पडक्या घरात कोंडलं. चारही बाजूनं चौघं. गणेश म्हणे, आता जातात कुठं. ते कुठंच गेले नाही, चौघंच्या चौघं माह्या अंगावर आले. मी पडली, माह्या जागेतून ते बाहेर, अन् मंग एकेक करून आमाले झोपवलं. तहसीन एकटी पळत राह्यली, तिच्यामुळे थोडेफार मार्क आले. पडद्यावर पायलं तं रिसोडवाले पहिले, आमी तिसरे. तिसरी मॅच जिंकली तं नागपूर, नाही तं अनसिंगची एसटी.

एजाजनं कानातलं हेडफोन काढलं. माह्याकडे पायलं नाही, टेबलाकडे पायलं.

"मंजू, मुबश्शिरले बसू दे."

"काहून?"

"काहून म्हंजे? दिसून नाही राह्यलं का तुले? हा मोड तुह्या कामाचा नाही. तू बसती. इथं बसलेला मरते."

"दुसऱ्यात बसली का मी? धावली ना?"

"धावली. डोळे मिटून."

खरं बोलला, म्हणून जास्त झोंबलं. मांगं शेवटच्या रांगेत बाबा बसेल होते, मांडीवर थैली धरून. त्याईचं वाशीमले काहीच काम नव्हतं. सकाळी एवढंच म्हणाले, मी येतो संग. म्या मनात म्हटलं, पोरगी आता कुठं तोंड काळं कराले चालली ते पाहाले येत असतीन. आता त्याईच्या समोर मले उठवतीन, हा विचार आला अन् माहे कान तापले. शेजारच्या टेबलावरचेही आमच्याकडेच पाहत होते.

मी तशीच उठून पाणी प्याले गेली. ग्लास हातात धरला अन् समोर पडद्यावर मांगच्या मॅचची झोन पुन्हा दाखवून राह्यले होते. निळा गोल, चहूबाजूनं आत आत सरकत, मंधात एक हिरवा तुकडा उरेल. मी पाहतच राह्यली. हे तं म्या मांगच्याच आठवड्यात पायलं होतं, आमच्या सोयाबीनमंधात.

आमच्याकडे हार्वेस्टर वावराच्या कडेकडेनं फिरते अन् आत आत येते. पिकात जी काही जनावरं असतीन ती मंधात मंधात सरकतात. शेवटी एक पट्टा उरते, अन् रानडुकरं, ससे, सगळे त्यात. मंग हाका करायचा. मारत नाही कोणी, नुसतं हाकलायचं, नाही तं मशीनवाल्याच्या अंगावर येतात. तीन बाजूनं माणसं डबे वाजवतात, अन् चौथी बाजू, नाल्याकडची, मोकळी सोडतात. चारही बाजू कधीच बंद नाही करायच्या. डुक्कर कोंडलं की अंगावर येते, हे आमच्या शिवारात शेंबड्या पोरालेही ठाऊक आहे. अन् एका माणसानं काठी घेऊन पट्ट्याच्या आत जायचं, तेव्हा कुठं ते निघतात. ते काम लय वर्षांपासून बाबाचं. मांगच्या आठवड्यातही तेच आत गेले. एजाज अन् गणेश धुऱ्यावर डबे बडवत होते. काम झालं की चहा येते, अन् जो आत गेला त्याचा कप पहिला. त्यानं घेतल्याशिवाय वावराचा मालकही हात लावत नाही.

अन् असे आमी चौघं, दरवर्षी हाका करणारे अन् पाहणारे, हातात फोन आला तं चारही बाजू बंद करून बसलो. म्या कपाळावर हात मारला.

टेबलाजवळ येऊन म्या एजाजले म्हटलं, "पडक्या घराले आपण चौथी बाजू काहून लावली?"

 गणेशनंही कपाळावर हात मारला. दोघाईले समजलं.

"ह्या मॅचले हाका करू," म्या म्हटलं. "तिघांनी आवाज करायचा, एका बाजूले मोकळं सोडायचं, अन् तिथं बंदूक धरून एकजण गप बसन. बसायचं काम तहसीन करन. माही स्नायपर मी तिले देईन."

"मी?" तहसीन म्हणे. "ताई, मले बसणं नाही जमत."

"मले धावणं जमत होतं का? जमवून घे."

एजाज म्हणे, "मले कल्पना मंजूर आहे. पण मुबश्शिर बसू दे. त्याचे हात तुह्यापेक्षा जोरात चालतात."

मंग माह्या तोंडातून निघून गेलं. "मी सांगते तुले. भोंगा वाजल्यावर आपल्या चौघांतून पहिले मी मेली, तं मी आपणहून उठीन. जिंकलो तरी नागपूरले मुबश्शिर जाईन. हा माहा शब्द."

एजाजनं आता कुठं माह्याकडे पायलं. "शब्द?"

"शब्द."

मुबश्शिर मांगं उभाच राह्यला. त्याचा श्वासही होताच.

तिसरी मॅच सुरू झाली. उतरल्या उतरल्या गणेश मेला, त्याचं ते ठरेलच असते. परत उतरला. म्या हातात आखूड बंदूक घेतली, जवळून माराची, अन् माही लांब बंदूक तहसीनच्या पायाशी टाकली. टाकतानी हात अडखळला, खोटं नाही सांगत. आमी थांबलो नाही. झोन यायच्या आत निघायचं, पुढच्या आडोशाले जायचं, दम घ्यायचा, पुन्हा निघायचं. माहं अंग दर वेळी म्हणे, जरा बस, अन् मी त्याले शिव्या घालत उठवत होती. एकदा मेली, परत उतरली. उतरल्या उतरल्या एकाले पाडलं असतं, पण माह्या आधी एजाजनंच पाडला. चालते म्हटलं.

भोंगा वाजला तेव्हा आमी चौघंही जिवंत होतो. माह्या तळहाताले इतका घाम की फोन सटकत होता. ओढणीले हात पुसला. बाकीच्या टीमा एकमेकाईत संपल्या अन् पडद्यावर दोनच नावं राह्यली. आमी अन् रिसोड.

रिसोडवाले चौघंही उंच गवताच्या तुकड्यात घुसेल. झोनचा मधला भाग नेमका तोच. आमी बाहेर कडेले, एका बाजूले भिंत, एका बाजूले झाड, अन् एका बाजूले नाला, वावरातल्यासारखाच. म्हंजे त्याईले काहीच कराची गरज नव्हती. बसून राह्यले तरी झोन आमालेच पहिले जाळणार होती. पहिल्या मॅचले मी जशी बसली होती तसे ते बसले होते, फरक एवढाच की त्याईची जागा बरोबर होती.

"तहसीन, नाल्याच्या काठाले जा," म्या म्हटलं. "झोप तिथं. काही झालं तरी हलजो नको. दुर्बिणीतून गवताची कड पाह्य. श्वासही हळू घे."

"ताई, मले हातच हलवू वाटून राह्यले."

"पदर चाव."

"मी जीन्स घालेल आहे ना ताई."

"मंग जीभ चाव."

एजाज भिंतीकडून, गणेश झाडाकडून फायर कराले लागले. नुसता आवाज. गवत हललं नाही. निळी भिंत मांगून आली, गणेशले चाटून गेली, त्याचा जीव बोटभर राह्यला.

"कोणी आत गेल्याशिवाय नाही निघत हे," एजाज म्हणे. "गणेश, घूस."

"तो कडेलेच मरन," म्या म्हटलं. "त्याच्यात जीव कुठं आहे? अन् तू गेला तं भिंतीची बाजू उघडी पडते, ते तिकडून पळतीन."

 हिशोब सरळ होता, अन् तो एजाजच्या आधी मलेच समजला होता. तहसीन हलू शकत नव्हती. एजाज हलू शकत नव्हता. गणेश अर्धमेला होता. राह्यली मी. अन् त्या गवतात चौघंजण बंदुका ताणून बसेल, आत जाणारा वाचणारच नव्हता. म्हंजे पहिले मी मरणार. म्हंजे माह्याच शब्दानं खुर्ची गेली.

मले लय वाईट वाटलं. नागपूरचं नाही. म्या मनात पायलं की परतीच्या एसटीत ते चौघं खिदळून राह्यले अन् मी खिडकीजवळ बाबाच्या बाजूले थैली धरून बसेल. पुन्हा तेच. क्षणभर वाटलं, बसू दे यार सगळ्याईले, जळू दे, हरलो तं हरलो, चौघंही हरू. शब्द तरी मोडणार नाही अन् खुर्चीही राहीन.

मुबश्शिर मांगून हळूच म्हणाला, "ताई, झोन आली."

मी आत गेली.

गवतात काही दिसत नव्हतं. म्या डावीकडे बॉम्ब फेकला, उजवीकडे फेकला, बंदूक आभाळात रिकामी करत सरळ मधातून धावली. फक्त नाल्याकडे एकही गोळी टाकली नाही. आखीर समोरून धडधड झाली अन् माही स्क्रीन राखाडी पडली, मोठ्या पडद्यावर साऱ्या कार्यालयानं पायलं. माणूस एकही मारला नाही म्या. एकही.

मी फोन टेबलावर ठेवला अन् उठली. शब्द म्हंजे शब्द. उभ्या उभ्याच तहसीनच्या खांद्यावरून वाकून म्हटलं, "आता निघतीन. नाल्याकडूनच निघतीन. तू हलू नको."

"नाही दिसून राह्यलं ताई."

"दिसन. थांब."

गवत फुटलं. एक निघाला, नाल्याकडेच. तहसीननं गोळी झाडली नाही, मले वाटलं हिचे हात गोठले. मंग दुसरा निघाला, तिसरा निघाला, तिघंही उघड्यावर आले, अन् तेव्हा तिनं पहिला पाडला. दुसरा पाडला. तिसऱ्याले एजाजनं भिंतीवरून टिपलं. चौथा राह्यला गवतातच. निघालाच नाही. वाट पाहत बसला, कोणीतरी दुर्बिणीत येईन म्हणून, अन् मांगून झोन येऊन त्याले घेऊन गेली. मले त्याची कीव आली. तो मीच होती, सकाळची.

पडद्यावर आमच्या टीमचं नाव आलं तेव्हा गणेश टेबलावर चढला. तहसीन रडून राह्यली होती अन् तिच्या ओठाले खरंच रक्त होतं, येडीनं खरंच चावलं होतं. खाली चौघांचे मार्क लागले. माह्या नावापुढं शून्य.

माईकवाला माणूस आला. "अभिनंदन. नागपूरले जाणारे चार जण खुर्चीवर बसा, फोटो काढायचा आहे."

माही खुर्ची रिकामी होती. एजाज जमिनीकडे पाहून राह्यला होता. शब्द निघाला होता तो माह्या तोंडातून. म्या खुर्ची मुबश्शिरकडे लोटली.

"बस."

तो बसला नाही. "एजाजभाई," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात बाबा आले. कार्यालयाच्या मांगच्या भटारखान्यातून चहा घेऊन आले होते, ट्रेमंधात कागदी कप. माणसं बाजूले करत, सांडू नये म्हणून पायाकडे पाहत. एजाज कप्तान, त्यानं सवयीनं हात पुढं केला. बाबा त्याच्या हाताजवळून तसेच पुढं आले. गणेशजवळून, तहसीनजवळून, अन् माह्यासमोर थांबले. ट्रेतला पहिला कप उचलला अन् माह्या हातात दिला.

"गरम आहे," म्हणाले. "बसून पे."

एजाजचा हात तसाच हवेत होता. त्यानं ट्रेकडे पायलं, बाबाकडे पायलं. मांगच्या आठवड्यात धुऱ्यावर डबा ठेवून तोच उभा होता, बाबानं कप घ्यायची वाट पाहत. त्याच हातानं त्यानं खुर्ची ओढली अन् माह्याजवळ आणून ठेवली.

"हाका आहे हा," तो मुबश्शिरले म्हणाला. "आत गेलेल्याले मेला म्हणत नाही." मंग माईकवाल्याकडे वळला. "लिहा. मी, तहसीन, गणेश, मंजुषा. मुबश्शिर पाचवा, तोही येईन."

मुबश्शिरनं एवढा मोठा श्वास सोडला की तो माह्या मानेले पुन्हा लागला. या वेळी म्या काही म्हटलं नाही.

बाबा ट्रे घेऊन तिथंच उभे होते. मी पहिला घोट घेईपर्यंत त्याईनं दुसऱ्या कोणाले कप दिला नाही.

मी बसली. चहात साखर लय होती.